तथ्ये घडतात तिथे : ब्रुनो लातूर यांची ओळख

प्रस्तावना

इजिप्तचा फॅरो दुसरा रामसेस इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात वारला. १९७६ साली त्याची ममी विमानाने पॅरिसला आणली गेली. तिच्या तपासण्या झाल्या आणि फॅरोला क्षय झाला असावा, अशी चर्चा तिथल्या नियतकालिकांत रंगली. बावीस वर्षांनी एका फ्रेंच विज्ञान मासिकात ब्रुनो लातूर यांनी या प्रकरणाला हात घातला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला तो १८८२ साली. मग तीन हजार वर्षांपूर्वीचा राजा त्या जंतूने कसा मेला? तो मशीनगनच्या गोळीने मेला असे म्हटले तर आपण हसू; मग इथे का हसत नाही?

यावर हसण्यापेक्षा संतापणारेच जास्त निघाले. जंतू काय कॉखच्या परवानगीची वाट पाहत बसले होते? भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल आणि जाँ ब्रिकमाँ यांनी १९९७ साली फ्रेंच विचारवंतांच्या विज्ञानविषयक बडबडीवर पुस्तक लिहिले, त्यात एक प्रकरण लातूर यांना बहाल केले होतेच. विज्ञानाचा शत्रू, सत्य म्हणजे चार जणांनी ठरवलेली गोष्ट असे मानणारा, हा शिक्का त्यांच्यावर बसला तो पुढची अनेक वर्षे निघाला नाही. (त्यांच्या आडनावाचा आपल्या लातूरशी काडीचा संबंध नाही, उच्चार मात्र जवळपास तोच.)

माझ्या मते रामसेसबद्दलचे ते वाक्य ताणलेले आहे. लोकांना डिवचण्याची हौस लातूर यांना होती आणि ती त्यांना महागात पडली. पण त्या वाक्यामागचा प्रश्न खरा आहे. ‘रामसेसला क्षय होता’ असे आज म्हणायचे तर ममी वाळवंटातून उचलावी लागते, विमानात ठेवावी लागते, तिला इस्पितळ लागते, क्ष-किरण यंत्र लागते, कॉखपासून चालत आलेली जंतुशास्त्राची सगळी परंपरा लागते. एवढा लवाजमा उभा राहिल्यावर ते वाक्य खरे ठरते. आपण लवाजमा विसरतो आणि वाक्य तेवढे लक्षात ठेवतो. लातूर यांनी पन्नास वर्षे या विसरलेल्या लवाजम्याची नोंद ठेवण्याचे काम केले. त्यासाठी ते प्रयोगशाळेत बसले, रद्द झालेल्या वाहतूक प्रकल्पाच्या कागदपत्रांत शिरले, फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात न्यायाधीशांच्या बैठका ऐकत राहिले, ब्राझीलच्या जंगलात मातीचे नमुने गोळा करणाऱ्यांच्या मागे फिरले. तत्त्वज्ञानाची पदवी असलेला हा माणूस मानवशास्त्रज्ञ का झाला, याचे उत्तर या भटकंतीत आहे.

जन्म २२ जून १९४७, फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या बोन या गावी. घराणे द्राक्षमळ्यांचे आणि वाइनच्या पेढीचे. पेढी १७९७ पासूनची. धंदा सांभाळण्याची पाळी ब्रुनोवर आली नाही, त्यामुळे शिकायला मोकळीक मिळाली. घरचे वातावरण कॅथलिक होते. लातूर स्वतःही शेवटपर्यंत श्रद्धावान राहिले, ही गोष्ट त्यांच्या निधर्मी चाहत्यांना नेहमी थोडी अवघड वाटत आली आहे. दिजाँला तत्त्वज्ञानाचे शिक्षण झाले, १९७२ साली अ‍ॅग्रेगासियाँ या अखिल फ्रान्स परीक्षेत ते तत्त्वज्ञानात पहिले आले, आणि १९७५ साली तूर विद्यापीठाला त्यांनी जो प्रबंध सादर केला तो बायबलमधल्या पुनरुत्थानाच्या उताऱ्यांच्या अर्थनिर्णयावर होता. एकच मजकूर पिढ्यान्‌पिढ्या हातोहाती जातो, प्रत्येक हातात थोडा बदलतो, आणि बदलल्यामुळेच जिवंत राहतो, हे तिथे शिकलेले सूत्र पुढे त्यांनी वैज्ञानिकांच्या कागदांना लावले. धर्मग्रंथांच्या भाष्यांतून आलेला माणूस शोधनिबंध वाचायला बसला की त्याला ते वेगळे दिसणारच. मधल्या काळात ग्रे नावाच्या छोट्या गावी ते वर्षभर शिकवत होते. एकदा दिजाँहून तिकडे जाताना त्यांना रस्त्यातच गाडी थांबवावी लागली, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे: जगातली कुठलीही गोष्ट दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत पुरती विरघळवून टाकता येत नाही, हा विचार तिथे त्यांच्या डोक्यात पक्का झाला. तत्त्ववेत्त्यांच्या चरित्रांत असे साक्षात्कार फार असतात. हा त्यातला कमी नाटकी आहे.

सक्तीच्या लष्करी सेवेऐवजी परदेशात काम करण्याची सोय तेव्हा फ्रेंच तरुणांना होती. लातूर आयव्हरी कोस्टला, आबिजानला गेले. वसाहत संपून दशक उलटले होते, तरी तिथल्या फ्रेंच कंपन्यांत वरच्या जागांवर गोरे साहेबच होते. त्यांच्या जागी आफ्रिकी माणसे का येत नाहीत, हे शोधून काढण्याचे काम लातूर यांना मिळाले. साहेबांकडे उत्तर तयार होते: आफ्रिकी मनाला यंत्र समजत नाही, तिथली संस्कृतीच आड येते. लातूर तंत्रशाळेत गेले. तिथे फ्रान्समधून जसाच्या तसा उचललेला अभ्यासक्रम चालू होता. ज्यांनी इंजिनाला कधी हात लावला नव्हता अशा मुलांना इंजिनाचे आराखडे वाचायला लावले जात होते. आराखडे डोक्यावरून गेले की त्याचा ठपका मुलांच्या मनावर, वंशावर, संस्कृतीवर. दोष शाळेच्या वेळापत्रकात होता आणि त्याचे खापर फोडले जात होते एका अख्ख्या खंडाच्या डोक्यावर.

या अनुभवातून निघालेला प्रश्न त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाच्या मुळाशी आहे. आफ्रिकेतल्या माणसाची समजूत, श्रद्धा, विधी यांची चिकित्सा करायला युरोपचा मानवशास्त्रज्ञ तत्परतेने जातो. तीच वही आणि तीच चिकाटी घेऊन तो कॅलिफोर्नियातल्या वैज्ञानिकांकडे का जात नाही? तिकडे ‘संस्कृती’ आणि इकडे ‘बुद्धी’, ही वाटणी कोणी केली?

संधी चालून आली ती गाववाल्यामुळे. रॉजे गियमाँ हे संप्रेरकांवर काम करणारे शास्त्रज्ञ दिजाँचेच. त्यांची प्रयोगशाळा कॅलिफोर्नियात ला होयाच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये होती. पोलिओची लस काढणाऱ्या जोनास सॉल्क यांची ही संस्था. इमारत लुई कान यांची, ज्यांनी पुढे अहमदाबादची आयआयएम बांधली. १९७५ च्या ऑक्टोबरपासून जवळजवळ दोन वर्षे लातूर तिथे होते. इंग्रजी बेताचे, जीवरसायनाचे ज्ञान त्याहून बेताचे. ही उणीवच त्यांनी भांडवल म्हणून वापरली: अनोळखी टोळीत आलेल्या माणसासारखे सगळे पाहायचे आणि ‘हे म्हणजे विज्ञान’ असे म्हणून काहीही सोडून द्यायचे नाही.

त्यांना काय दिसले? एका बाजूने प्रयोगशाळेत उंदीर, रसायने, वीज, टपाल आणि पैसे येतात. दुसऱ्या बाजूने कागद बाहेर पडतात. मधली जवळजवळ सगळी यंत्रे एकच काम करतात: एखाद्या पदार्थाचे रूपांतर आलेखात, आकड्यात, टिंबांच्या ओळीत करतात. एकदा आलेख हाती आला की उंदीर विसरला जातो. सगळे वाद आलेखावर होतात. हे आलेख जेवणाच्या टेबलावर, फोनवर, जिन्यात फिरतात. ‘अमुक यांना असे वाटते’ हे वाक्य महिन्यामहिन्याने सरकत ‘असे असण्याची शक्यता आहे’ होते, मग ‘असे आहे’ होते, आणि अखेर कोणी म्हटले याचा उल्लेखही उरत नाही. तो उल्लेख गळून पडला की तथ्य जन्माला आले असे समजावे.

त्यांनी तपशिलाने मांडलेले उदाहरण टीआरएफ या द्रव्याचे आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये ते नाममात्र असते. त्याची रासायनिक रचना पटेल अशी सिद्ध करायची तर कत्तलखान्यांतून मेंढ्यांचे मेंदू टनांनी आणायला हवे होते, तेव्हा कुठे मिलिग्रॅमच्या हिशेबात द्रव्य हाती लागणार. गियमाँ यांनी पुराव्याची पट्टी इतक्या वर नेली की ज्यांच्याकडे पैसा आणि माणसे नव्हती ते स्पर्धक आपोआप गळाले. १९६९ साली रचना ठरली. १९७७ साली गियमाँ आणि त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी अँड्र्यू शॅली यांना नोबेल मिळाले. टीआरएफ खोटे आहे, असा याचा अर्थ नाही. ते आज औषधशास्त्रात वापरले जाते. लातूर एवढेच म्हणतात की ते खरे ठरण्यामागे हे कत्तलखाने, हा पैसा आणि ही चढाओढ होती, आणि त्यांच्याशिवाय ते खरे ठरले नसते. इंग्रज समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह वूलगर यांच्यासोबत लिहिलेले पुस्तक १९७९ साली आले. १९८६ च्या आवृत्तीत उपशीर्षकातला ‘सामाजिक’ हा शब्द दोघांनी काढून टाकला. टीकाकारांनी या बदलाकडे लक्ष दिले असते तर निम्मे भांडण वाचले असते. तथ्ये समाज बनवतो, असे लातूर यांना म्हणायचेच नव्हते. मेंढ्या, यंत्रे, कागद आणि माणसे मिळून ती बनवतात, असे म्हणायचे होते.

ही गोष्ट सर्वांत देखण्या रीतीने उलगडते ती १९८४ च्या पाश्चरवरच्या पुस्तकात. माझ्या दृष्टीने लातूर यांचे हे सर्वोत्तम पुस्तक. लुई पाश्चर म्हणजे एकहाती क्रांती करणारा महापुरुष, ही फ्रेंच शाळांतली कथा. लातूर यांनी तेव्हाची वैद्यकीय नियतकालिके काढून वाचली आणि चित्र पालटले. पाश्चरच्या आधीपासून स्वच्छतावादी डॉक्टर, अभियंते, नगरपालिका रोगाशी झगडत होत्या. पण हवा, पाणी, गटार, गर्दी, दारिद्र्य अशा सगळ्याच आघाड्यांवर एकदम लढत असल्याने कुठेच पुऱ्या पडत नव्हत्या. त्यांना नेमका शत्रू हवा होता. तो पाश्चरने दिला. आणि पाश्चरला हवे होते त्याच्या प्रयोगशाळेचे ऐकणारे जग. १८८१ साली पुईये-ल-फोर या खेड्यात त्याने काळपुळीच्या लशीचा जाहीर प्रयोग केला: सुमारे पन्नास जनावरे, निम्म्यांना लस, निम्म्यांना नाही, मग सगळ्यांना रोगाचे जंतू. लस न टोचलेल्या मेंढ्या पत्रकारांच्या आणि शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत मेल्या. लातूर यांचा मुद्दा असा की तो गोठा आधी प्रयोगशाळेसारखा केला गेला होता. खुणा, नोंदी, स्वच्छता, टोचण्याचे दिवस, सगळे ठरलेले. विज्ञान जगात सगळीकडे लागू पडते ते जगाचा तेवढा तुकडा आधी प्रयोगशाळेसारखा बनवून घेतल्यावर.

लातूर यांचा विषय फ्रान्स होता, पण मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे पुस्तक वाचताना आपले शहर आठवल्याशिवाय राहत नाही. १८९६ साली मांडवीत गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याचा जंतू दोनच वर्षे आधी हाँगकाँगला दाखवणारे अलेक्झांडर यर्सँ पाश्चरच्या संस्थेतले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस बनवून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेणारे वाल्डेमार हाफकिन त्याच संस्थेतून आलेले. उंदरावरची पिसू रोग पसरवते हे १८९८ साली कराचीत दाखवणारे पोल-लुई सिमाँ हेही तिथलेच. तोवर सरकारचा भर घरझडतीवर, सामान जाळण्यावर, माणसांना छावण्यांत हलवण्यावर होता. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांनी लोकांची घरे उलथीपालथी केली तेव्हा पिसू कोणाच्या हिशेबातच नव्हती. चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ती २२ जून १८९७ रोजी, लातूर यांच्या जन्माच्या बरोबर पन्नास वर्षे आधी. योगायोगच, पण आपल्या इतिहासात पिसू, लस, लष्कर, धर्मभावना आणि पिस्तूल एकाच गोष्टीत कसे येतात हे पाहायला लातूर यांची पद्धत उपयोगी पडते. ही गोष्ट आपण आजवर फक्त माणसांची म्हणून सांगत आलो.

१९८२ ते २००६ लातूर पॅरिसच्या एकोल दे मीन या खाणकाम-अभियांत्रिकी संस्थेत होते. तिथे मिशेल कालाँ यांच्याबरोबर, आणि इंग्लंडच्या जॉन लॉ यांच्या साथीने, जी विचारपद्धती आकाराला आली ती ‘कर्ता-जाल सिद्धांत’ म्हणून ओळखली जाते. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी. घडण्यात ज्याच्यामुळे फरक पडतो तो कर्ता. मग तो माणूस असो की वस्तू. रस्त्यावरचा गतिरोधक पोलिसाचे काम करतो. हॉटेलच्या किल्लीला लावलेला जड लोलक गिऱ्हाइकाला किल्ली परत ठेवायला लावतो. दरवाजा आपोआप बंद करणाऱ्या साध्या यंत्रावर लातूर यांनी १९८८ साली एक अख्खा निबंध लिहिला, तोही जिम जॉन्सन या खोट्या नावाने. इतका खेळकर समाजशास्त्रीय निबंध मी दुसरा वाचलेला नाही. अरामीस या चालकविरहित गाड्यांच्या प्रकल्पावरचे पुस्तक कादंबरीसारखे आहे आणि त्यात मोडीत निघालेली गाडी स्वतः बोलते. हे सगळ्यांना रुचले असे नाही. समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी आपल्या शेवटच्या व्याख्यानमालेत लातूर यांच्यावर तिखट टीका केली, आणि दोघांमध्ये कधीच सख्य झाले नाही.

१९९१ चे ‘आपण कधी आधुनिक नव्हतोच’ हे सर्वाधिक चर्चिले गेलेले पुस्तक. त्यातला युक्तिवाद इथे थोडक्यात पुरे: निसर्ग एकीकडे आणि समाज दुसरीकडे, अशी वाटणी आधुनिकांनी कागदावर केली, आणि प्रत्यक्षात ओझोनचे छिद्र, गोठवलेले गर्भ, एड्सचा विषाणू अशा दोन्हीकडच्या गोष्टी कधी नव्हत्या तितक्या जन्माला घातल्या.

मग आले २००४ साल. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाचे प्रचारतज्ज्ञ सांगू लागले होते की हवामानबदलाबाबत वैज्ञानिकांत अनिश्चितता आहे असे लोकांच्या मनावर ठसवत राहा. लातूर यांनी तेव्हा लिहिलेल्या निबंधात आपल्याच पिढीला जाब विचारला: तथ्यांवर संशय घेण्याची जी हत्यारे आपण घडवली तीच आता तेलकंपन्यांच्या हाती आहेत का? पुढे अस्तित्वाच्या पद्धतींवरच्या २०१२ च्या ग्रंथाची सुरुवात त्यांनी एका बैठकीने केली आहे. काही उद्योजक एका हवामानशास्त्रज्ञाला विचारतात, तुमच्यावर विश्वास का ठेवावा? तो सत्याचे, प्रमाणाचे हवाले देत नाही. विज्ञान या संस्थेवर विश्वास ठेवा म्हणतो. लातूर आधी दचकतात, मग त्यांना ते उत्तर योग्य वाटते. किती उपकरणे, किती जहाजे, किती माणसे, किती वर्षांच्या नोंदी यांवर तो निष्कर्ष उभा आहे हे दाखवले तर तो कमकुवत होत नाही, पक्का होतो. चाळीस वर्षे ते हेच सांगत होते. ऐकायला वेळ लागला.

आता एक तक्रार. १९९९ च्या ‘पँडोराज होप’ या पुस्तकात लातूर यांनी यू. आर. अनंतमूर्तींच्या ‘भारतीपुर’ या कन्नड कादंबरीचा दाखला घेतला आहे. इंग्लंडहून परतलेला ब्राह्मण जमीनदार जगन्नाथ घरचा शाळिग्राम दलितांना शिवायला लावतो, हा साधा दगड आहे हे सिद्ध करण्यासाठी; आणि त्या हट्टात माणुसकीच हरवून बसतो. मूर्तिभंजकाला वाटते त्याहून वेगळेच काही तो फोडत असतो, हे लातूर यांचे वाचन सूक्ष्म आहे. पण महाराष्ट्रातला वाचक इथे अडखळेल, आणि त्याने अडखळावे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायला लोक गेले ते कोणा जमीनदाराने ढकलले म्हणून नव्हे. डॉ. आंबेडकरांच्या मागून ते आपल्या पायांनी गेले. लातूर यांच्या लेखनात मूर्तिभंजक सहसा वरच्या थरातला असतो. खालून आलेला नकार कसा वाचायचा याबद्दल ते फारसे बोलत नाहीत. गंमत अशी की त्यांचीच पद्धत महाडला चपखल बसते: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा १९२३ चा बोले ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, तळे, ओंजळ, शुद्धीसाठी पंचगव्याच्या १०८ घागरी, दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम, आणि १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल. कागदावरचा हक्क पाण्यापर्यंत पोचायला दहा-चौदा वर्षे काय काय लागले, हे असे ओळीने मांडले की जातीची ताकद कुठे कुठे ठाण मांडून बसली होती ते दिसते. सत्ता या विषयाला लातूर बगल देतात, ही बोर्द्यूपंथीयांची तक्रार मला निम्मी पटते: लेखकाने बगल दिली, पद्धतीने नाही.

२००६ नंतर ते सियाँस पो या संस्थेत गेले आणि पृथ्वी हाच त्यांचा विषय झाला. जेम्स लव्हलॉक आणि लिन मार्ग्युलिस यांची गाया ही कल्पना त्यांनी २०१३ च्या एडिंबरातल्या गिफर्ड व्याख्यानांत नव्याने मांडली. सगळे जीवन पृष्ठभागावरच्या काही किलोमीटर जाडीच्या थरात चालते आणि तो थर जीवांनीच घडवला आहे. त्यामुळे निसर्ग ही आपल्यामागे टांगलेली पार्श्वभूमी नाही. कार्ल्सरूऽच्या कलासंग्रहालयात त्यांनी प्रदर्शने मांडली, नाटकांत भाग घेतला, २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेआधी विद्यार्थ्यांकडून तिची नाट्यमय रंगीत तालीम करवली, तीत जंगले आणि समुद्र यांनाही प्रतिनिधी दिले. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी लोकांना एक प्रश्नावली दिली: बंद पडलेल्या उद्योगांपैकी कोणते पुन्हा सुरू होऊ नयेत असे तुम्हाला वाटते, आणि त्यात काम करणाऱ्यांचे काय करायचे? दुसरा अर्धा प्रश्न विचारणारे पर्यावरणवादी थोडे असतात. २०१३ साली होल्बर्ग आणि २०२१ साली क्योतो पारितोषिक मिळाले. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी, कर्करोगाने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

प्रस्तुत पुस्तक हा या सगळ्याचा परिचय आहे. तत्त्वज्ञानाची सवय नसलेल्या वाचकाने ते पहिल्या पानापासून वाचू नये. सॉल्कचे प्रकरण आणि पाश्चरचे प्रकरण आधी वाचावे, दरवाजाच्या यंत्रावरचा निबंध चहा घेता घेता वाचावा, आणि गायाकडे शेवटी यावे. अस्तित्वाच्या पद्धतींवरचा २०१२ चा ग्रंथ पहिल्या वाचनात सोडला तरी चालेल. लातूर यांच्या अनेक चाहत्यांनीही तो सोडला आहे. आणि एक विनंती अनुवादकांना. परिचयावर भागवू नये. पाश्चरवरचे पुस्तक थेट फ्रेंचमधून मराठीत आणावे, आणि ज्याला ते जमेल त्याने परळच्या हाफकिन संस्थेचे प्लेगकाळातले जुने अहवालही सोबत उघडून बसावे.